एक वाव दोर

उभ्या मुळशी पेट्यात स्वतःच्या जिवाला दाजींइतकं जपणारा माणूस दुसरा झाला नाही, आणि पोटासाठी तीस-चाळीस हात उंच झाडावर जाऊन बसणाराही दुसरा झाला नाही. शूर माणसांविषयी मला फारसा आदर नाही. शौर्याच्या बहुतेक गोष्टी वाचताना, आदल्या दिवशी कुणी थोडा विचार केला असता तर हे सगळं टळलं असतं, असंच मला वाटत आलं आहे. दाजी तो विचार आदल्या दिवशी करत. वर्षातले तीनशे दिवस ते तोच विचार करत, आणि उरलेल्या दिवसांत कुणी काम दिलं तर झाडावर चढत.

मी तेव्हा पौडच्या वाटेवरच्या एका गावात एकशिक्षकी शाळेवर मास्तर होतो. शाळेच्या कुडाला लागून दाजींचं घर. मूळ गाव त्यांचं नव्हे. त्यांचं गाव धरणाच्या पाण्यात गेलं तेव्हा त्यांना नुकती मिसरूड फुटली होती. पुढं लग्न झालं आणि ते बायकोच्या गावी येऊन राहिले. त्यामुळं पाटलांपासून गुराख्यापर्यंत सगळं गाव त्यांना दाजी म्हणे. जावयाचा मान सगळे देत, काम मात्र कुणी देत नसे.

त्याला कारणही तसंच होतं. दाजींचा धंदा झाडांचा. घरावर ओणवलेली फांदी कौल न फोडता खाली उतरवायची, वाळलेला शेंडा काढायचा, वीज पडून चिरलेला आंबा वाचवायचा की पाडायचा ते सांगायचं, आणि पाडायचाच ठरला तर तुकड्यातुकड्यानं खाली आणायचा. पण मावळात माणूस चालायला लागला की झाडावर चढतो. भाताच्या राबासाठी, म्हणजे रोपांची जागा भाजायला, दर हिवाळ्यात सगळा मुलूख कोयते घेऊन ऐनाच्या झाडांवर चढे आणि फांद्या ओरबाडून खाली टाके. माघात डोंगराकडं पाहिलं तर नुकत्याच मुंजी झालेल्या बटूंची रांग बसल्यासारखी झाडं दिसत. अशा मुलखात झाड छाटायची मजुरी मागणं म्हणजे कोळीवाड्यात पोहण्याचा वर्ग काढण्यासारखं होतं. "दाजी, चढायला काय लागतंय? माझं पोरगं चढतंय की," असं कुणी म्हटलं की दाजी शांतपणे म्हणत, "चढतंय, व्हय. उतरतंय का त्ये बगा."

काम मिळवण्याची त्यांची एक खास पद्धत होती. तोंडानं ते काम कधीच मागत नसत. एखाद्याच्या दारातल्या झाडाखाली जाऊन उभे राहत, मान वर करत आणि एकाच फांदीकडं टक लावून बघत बसत. घटका, दोन घटका. बघणाऱ्या माणसाकडं बघायला आधी पोरं जमत, मग बाया, आणि शेवटी घरधनी बाहेर येई.

"काय बघताय दाजी?"

"काय न्हाई."

"काय न्हाई कसं? सकाळपास्नं उबं हायसा."

"काय न्हाई वो. ती फांदी तुमच्या पाळण्यावर येतीया, येवडंच." आणि ते निघून जात. त्या घरात त्या रात्री पाळणा दुसऱ्या खणात हलवला जाई आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दाजींना बोलावणं येई. ते म्हणत ती फांदी पुढं खरंच पडे, हे मी दोनदा पाहिलं आहे. दोन्ही वेळा घरधन्यानं पैसे वाचवले होते आणि दोन्ही वेळा गोठा दुरुस्त करावा लागला.

बोलावणं आलं तरी काम लगेच सुरू होत नसे. आधी दोराची परीक्षा. ही परीक्षा दाजी स्वतः देत नसत, झाडाच्या मालकाला द्यायला लावत. खालच्या एका दणकट फांदीवरून दोर टाकायचा, एका टोकाला बसता येईल असा फास करायचा आणि मालकाला म्हणायचं, "लटका." मालक बिचकला की समजूत घालत, "माझा जीव तुमच्या झाडावर ऱ्हानार, तर तुमचं बूड माझ्या दोरावर नगं व्हय?" पुण्याहून पेन्शन घेऊन आलेले एक हेडक्लार्क आमच्या शिवेवर बंगली बांधून राहत. त्यांच्या जांभळाची फांदी छपरावर आली होती. कोट, टोपी आणि चष्म्यासह ते त्या फासात बसले, दाजींच्या मेव्हण्यानं दोर ओढला आणि तीस वर्षं खुर्चीवर काढलेला तो गृहस्थ जमिनीपासून हातभर वर हळूहळू स्वतःभोवती फिरू लागला. त्यांच्या पत्नी ओसरीवर उभ्या होत्या. त्या इतक्या हसल्या की पदर तोंडात कोंबून आत गेल्या. हेडक्लार्क खाली उतरून टोपी सारखी करत मला म्हणाले, "मास्तर, माणूस विक्षिप्त आहे, पण दोर उत्तम आहे."

माझ्या दारात झाड नसल्यामुळं हा प्रसंग माझ्यावर आला नव्हता. मी तो कडेनं बघे आणि चवीनं सांगे.

दोर उत्तम असे, याचं कारण दाजी तो स्वतः वळत. बांधावरच्या केकताडाची, म्हणजे घायपाताची, पानं सडवायची, ठेचायची, त्यांचा वाख काढायचा, धुऊन वाळवायचा आणि पावसाळाभर ओसरीत बसून पीळ देत राहायचा. दोराचा ते वास घेत. भाजीवाली पपई हुंगते तसा ते दोर हुंगत, आणि कुठं ओल लागली, कुठं उंदीर फिरला, ते सांगत. खंडेनवमीला सगळं गाव आपापली हत्यारं पुजतं, दाजीही पुजत. कोयता, करवत, कुऱ्हाड, आणि मधोमध वर्षभर वापरलेल्या दोराची गुंडाळी. तिला हळदकुंकू, फूल, नारळ. आणि दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला सकाळी, अंघोळ करून ते तोच दोर कुऱ्हाडीनं तोडत. वाव म्हणजे दोन्ही हात पसरल्यावर होते ती लांबी. एकेक वावाचे तुकडे करायचे आणि गावात वाटून टाकायचे. कुणाला म्हशीचं दावं, कुणाला पाळण्याची दोरी. माझी धुणं वाळत घालायची दोरी असल्या चार तुकड्यांची होती आणि तिच्या तीन गाठींमुळं माझ्या प्रत्येक सदऱ्याला पाठीवर कुबड येई.

"एवढा चांगला दोर तोडता कशाला?" मी एकदा विचारलं होतं.

"चांगला दिसतुया म्हनून," दाजी म्हणाले. "वंगाळ दिसला असता तर कशाला तोडला असता? त्याला कोनबी हात लावत न्हाई. दोर आतनं मरतो, मास्तर. वरनं तसाच ऱ्हातो. मेलेला दोर आख्खा ठिवू न्हाई. आख्खा दिसला की कुनीतरी चडतंच."

आता मेव्हण्याविषयी. दाजींच्या बायकोचा हा धाकटा भाऊ. बुटका, गोल, आणि सूर्योदयापासून दिवे लागेपर्यंत अखंड बोलणारा. बैलाशी, भिंतीशी, शाळेच्या घंटेशी, कुणाशीही. दाजी त्याच्या दहा वाक्यांना मिळून एक "हूं" देत. पण दाजी झाडावर गेले की दोराचं एक टोक त्यांच्या कमरेला, मधला दोर वरच्या जाड फांदीवरून आणि दुसरं टोक खाली, बुंध्याला एक वेढा देऊन मेव्हण्याच्या हातात. त्या क्षणी त्याच्या तोंडाला कुलूप लागे. तंबाखू नाही, इकडंतिकडं बघणं नाही. वरून दाजी म्हणत, "धर." खालून मेव्हणा म्हणे, "धरलंय." त्याशिवाय दाजी पाऊल उचलत नसत. वीस वर्षं त्या दोघांत कामाचं बोलणं एवढंच झालं. वीस वर्षांत दाजी तीन वेळा निसटले होते आणि तिन्ही वेळा पोपटासारखे वीतभर लोंबून परत फांदीवर गेले होते. खाली आल्यावर मेव्हणा दिवसभर साठलेलं सगळं बोलून टाके.

स्वराज्य येऊन दहा-बारा वर्षं झाली होती. आमच्या रस्त्याला एस.टी. धावू लागली होती आणि दुतर्फाच्या जुन्या वडांच्या फांद्या तिच्या टपाला घासत. त्यात संक्रांतीच्या सुमारास एक थोर पाहुणे कसली तरी कोनशिला बसवायला त्या रस्त्यानं जाणार असं ठरलं. आजवर त्या फांद्यांनी सामान्य जनतेची डोकी फोडली होती, ते चालत होतं. पाहुण्यांच्या स्वागताची कमान तिथं बसेना, तेव्हा प्रश्न निकडीचा झाला. रस्त्याचं काम बघणारे ओव्हरसियर गावात आले आणि त्यांनी जाहीर केलं की झाडं छाटायला एक माणूस घ्यायचा आहे, आणि काम पसंत पडलं तर त्याला बारमाही मजूर म्हणून ठेवायचा आहे. बारा महिने काम! दाजींनी उभ्या आयुष्यात सलग बारा दिवस काम पाहिलं नव्हतं. मेव्हण्याच्या घरात खाणारी तोंडं सहा. त्या दिवशी तो बैलाशी नेहमीपेक्षा दुप्पट बोलला.

चावडीपुढं सगळा गाव जमला. ओव्हरसियरांनी पेटीतून दोराची गुंडाळी काढली. पिवळाधमक, कोरा दोर, त्याला पितळी बिल्ला. दाजींनी तो नाकाशी नेला.

"चुन्याच्या पोत्यांवर पडला व्हता का ह्यो?"

"गोदामात होता. गोदामात चुना असणारच."

दाजींनी एक पेड उलगडला. आतून पिठासारखी भुकटी त्यांच्या तळहातावर पडली. "सायेब, ह्यो आतनं मेलाय."

"मेलाय? चार वर्षांत एकदाही वापरलेला नाही." ओव्हरसियरांनी नोंदवही उघडून बोट ठेवलं. "हे पाहा. दोर, नग एक, सुस्थितीत."

"मग लटका."

"काय?"

"म्या दोर टाकतो हितं लिंबावर. तुमी लटका. तुमी टिकलासा तर म्या चडतो."

"मी सरकारी नोकर आहे, माकड नव्हे!"

"म्या कुटं म्हनलं माकड? माकडाला दोर लागतच न्हाई."

गाव खो-खो हसला. मीही हसलो. ओव्हरसियरांचे कान लाल झाले, आणि त्या हसण्यातच दाजींचे बारा महिने गेले, हे आम्हा हसणाऱ्यांच्या लक्षात आलं नाही. दाजी पुन्हा म्हणाले, "माझा दोर हाय की. दसऱ्याचा नवा." पण खाजगी साहित्य सरकारी कामावर चालत नव्हतं. काही झालं तर जबाबदारी कुणाची? "माझीच की," दाजी म्हणाले. तसंही चालत नव्हतं. कामगाराला इजा होऊ नये म्हणून केलेला तो नियम होता. त्यात उणीव एवढीच, की तो पाळला तर माणूस मरण्याची शक्यता होती. दाजींनी दोर खाली ठेवला, कोयता कमरेला अडकवला आणि मागं न बघता घरी गेले.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मेव्हणा शाळेत आला. बराच वेळ नुसता उभा राहिला, हेच मला विचित्र वाटायला हवं होतं.

"मास्तर, अर्ज लिवून द्या. झाडाच्या कामाचा."

"दाजींना विचारलंस?"

"दाजीस्नी सांगू नका. त्येंचं बरुबर आसंल. त्येंचं समदंच बरुबर आसतंय. पन बरुबर चुलीवर शिजत न्हाई." मग एकदम हसून म्हणाला, "आनि वीस वर्सं म्या खालनं बगतुया, मास्तर. वरनं कसं दिसतंय त्ये येकदा बगू द्या की."

मी अर्ज लिहिला. चांगल्या भाषेत लिहिला. "अर्जदारास वृक्षछाटणीच्या कामाचा वीस वर्षांचा अनुभव असून" असं त्यात होतं. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. दोराविषयी एक अक्षरही नव्हतं. तो मला अर्जाचा विषय वाटला नाही.

तिसऱ्या वडावर ते झालं. दोन झाडं त्यानं नीट केली होती, लोक म्हणत होते की दाजींपेक्षा चपळ आहे. त्या सरकारी दोराचं खालचं टोक रस्त्यावरच्या एका मजुराच्या हातात होतं. मेव्हणा एका लांब फांदीकडं झुकला आणि सवयीचं ऐकलेलं बोलला, "धर."

"काय धरू?" खालच्या माणसानं विचारलं.

मेव्हण्यानं दोरावर भार टाकला आणि दोर फांदीपाशी तुटला. आवाजसुद्धा झाला नाही, असं तो मजूर पुढं सांगे.

दाजींना कुणी सांगितलं कोण जाणे. ते धावत आले तेव्हा लोक मेव्हण्याला उचलून बसवायला बघत होते. दाजी ओरडले. त्यांना ओरडताना मी एकदाच ऐकलं. शेजारच्या घराचं कवाड त्यांनी उचकटून आणवलं, त्यावर त्याला आहे तसा सरकवला, आणि आपल्या दसऱ्याच्या दोरानं डोक्यापासून पायापर्यंत बांधला. एस.टी.च्या मधल्या वाटेत ते कवाड ठेवून त्याला पुण्याच्या इस्पितळात नेलं. तो वाचला, तो त्या कवाडामुळं, असं डॉक्टर म्हणाले. कंबरेखालचं मात्र सगळं गेलं. दाजींची बायको इस्पितळाच्या पायरीवर बसून होती. तिनं नवऱ्याला एकच विचारलं, "तुमी कुटं व्हता?" दाजी घरी होते. त्यांचं बरोबर होतं, आणि ते घरी होते.

पाहुणे ठरल्या दिवशी आले आणि अर्ध्या छाटलेल्या वडाखालून पुढं गेले. चौकशी झाली. मजूर तोल जाऊन पडला, असं निघालं. दोराचे दोन तुकडे गाठ मारून पुन्हा गोदामात गेले. त्यानंतर आठवड्यानं भर दुपारी दाजी कुऱ्हाड घेऊन त्या गोदामात शिरले, चौकीदारासमोर त्यांनी तो दोर मोजून एकेका वावावर तोडला, आणि तुकडे नीट रचून ठेवून बाहेर ओट्यावर पोलिसांची वाट बघत बसले. सरकारी मालमत्तेची नासधूस झाली होती. मी चौकीवर गेलो तेव्हा फौजदार, बिचारा भला माणूस होता, हैराण होऊन विचारत होता, "अहो, पण आता तोडून काय उपयोग?"

"त्येच," दाजी म्हणाले. "त्याच दिशी तोडाया पायजे व्हता. मेलाय म्हनलो आनि आख्खा सोडून आलो."

एक दिवस बसवून त्यांना सोडलं. ओव्हरसियरांची पुढं बदली झाली. नवीन आलेल्यांनी गोदामाची मोजदाद केली आणि नोंदवहीत लिहिलं, दोर, नग सव्वीस, सुस्थितीत. ही नोंद मी डोळ्यांनी पाहिली आहे.

दाजी पुन्हा झाडावर चढले नाहीत. चार जणांनी खालचं टोक धरायची तयारी दाखवली, दाजींनी कुणाच्या हाताकडं पाहिलंसुद्धा नाही. ते राबाला, लावणीला मजुरीनं जाऊ लागले आणि दोन्ही घरं ओढू लागले. मेव्हण्याच्या बाजेवर आढ्याला त्यांनी एक दोर बांधला. तो धरून मेव्हणा उठून बसे, दारातून रस्त्याकडं बघे, आणि बोले. बोलणं थोडं कमी झालं होतं, एवढंच. "वरनं लई भारी दिसतंय मास्तर," त्यानं मला एकदा सांगितलं. "पार धरनाचं पानी दिसतंय. दाजी कदी बोललं न्हाईत."

त्या दोराचंही दरसाल तेच. खंडेनवमीला पूजा, दसऱ्याला तोडणं, नवा बांधणं. फक्त नव्याची परीक्षा द्यायला आता झाडाचा मालक नव्हता. म्हणून दाजी शाळेत येत, मला मेव्हण्याच्या घरी नेत आणि म्हणत, "मास्तर, लटका." पहिल्या वर्षी मी निमूटपणे लटकलो. दुसऱ्या वर्षी, आढ्याखाली जमिनीपासून हातभर वर फिरत असताना, मेव्हण्याला डुलकी लागलेली पाहून मी म्हणालो, "दाजी, तो अर्ज मी लिहिला होता."

"ठावं हाय."

"त्यानं सांगितलं?"

"सांगाया कशाला लागतंय? गावात लिवनारं दुसरं कोन हाय?" त्यांनी दोराच्या गाठीवरून बोट फिरवलं. "नीट बसा. समदा भार टाका."

पाचव्या वर्षी श्रावणात मेव्हणा गेला. त्याच दिवाळीत माझी बदली व्हायची होती, हुकूम आला होता. दसऱ्याला सकाळी मी पुस्तकं बांधत होतो, तर दाजी दारात उभे. खांद्यावर नवा, करकरीत दोर. मेव्हणा गेल्यावरही ओसरीत बसून ते तो वळत राहिले होते. मी पाहत होतो, आणि कशासाठी वळताय, हे विचारायचा धीर मला झाला नव्हता.

शाळेच्या तुळईवरून त्यांनी दोर टाकला, फास केला. "मास्तर, लटका."

मी बसलो. पाय जमिनीवरून सुटले. दाजींनी दुसरं टोक खांबाला एक वेढा देऊन हातात घेतलं. आयुष्यभर ते त्या दोराच्या वरच्या टोकाला होते. खालच्या टोकाला मी त्यांना प्रथमच पाहत होतो. ते माझ्याकडं बघत नव्हते, नुसते दोराकडं बघत होते, मेव्हणा बघायचा तसे. मी काहीच बोललो नव्हतो. तरी थोड्या वेळानं ते हळूच म्हणाले,

"धरलंय."